कोरियाला निघण्याआधी कोरियन: आधी काय, नंतर काय, आणि कुठे चुकतं

कोरियाच्या सहलीसाठी कोरियन शिकणाऱ्यांच्या चुका जवळजवळ ठरलेल्या आहेत. वीस-पंचवीस वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केली जातात. ती म्हटली की सोलच्या दुकानदाराला कळत नाहीत. कळलीच, तर तो उलट काहीतरी विचारतो आणि त्या प्रश्नाची तयारी कुणीच केलेली नसते. शिवाय अर्धी वाक्यं मालिकांमधून उचललेली असतात. ती वर्गमित्राला चालतात, साठीच्या टॅक्सीवाल्याला चालत नाहीत.

मेहनत सगळे घेतात, क्रम मात्र उलटा धरतात. आधी लिपी, मग उच्चार, मग आदराचं रूप, मग चार-पाच साचे, मग आकडे, आणि मग समोरच्याचे प्रश्न, असं जायला हवं. रोज अर्धा तास दिला तर पाच-सहा आठवडे पुरतात. वेळ कमी असेल तर टप्पे गाळू नका, प्रत्येक टप्प्यातले शब्द कमी करा.

## तयारी: पहिल्या धड्याआधी

फोनवर तीन गोष्टी टाकून घ्या: कोरियन कीबोर्ड, पापागो हे भाषांतराचं ॲप, आणि नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप. कोरियात गूगल मॅपच्या भरवशावर राहू नका. पायी जायचा रस्ता आणि बसची वेळ बघायला तिथली माणसं हीच दोन ॲप वापरतात.

एक वही करा आणि तिच्यात कोरियन शब्द देवनागरीतच उतरवा. ख, छ, थ, फ हे आवाज आपल्याकडे वेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात, ऑ आणि ङ आपल्याकडे आहेत. इंग्रजी अक्षरांत हे सगळं एकमेकांत मिसळतं. लिहिताना तीन खुणा पक्क्या करा:

- ऑ म्हणजे ‘डॉक्टर’मधला.
- ङ म्हणजे ‘अंग’ म्हणताना ग येण्याच्या आधीचा नाकातला आवाज. ग म्हणायचा नाही.
- कोरियनमध्ये दोन उ आहेत. एक आपल्यासारखा, ओठ गोल करून. दुसरा ओठ बाजूला ताणून, हसताना असतात तसे ठेवून. दुसऱ्या उकाराखाली वहीत रेघ मारा.

## टप्पा १: हांगुल वाचता येणं

लिपीला घाबरून लोक हा टप्पा टाळतात आणि पुढचं सगळं कच्चं राहतं. हांगुलमध्ये १४ मूळ व्यंजनं आणि १० मूळ स्वर आहेत. रोज अर्धा तास बसलात तर आठवड्यात अडखळत का होईना, वाचता येतं. अर्थ कळायची इथे गरज नाही.

स्वरांपासून सुरुवात करा. उभी रेघ म्हणजे इ. आडवी रेघ म्हणजे ओठ ताणलेला उ. उभ्या रेघेला उजवीकडे लहान काडी लागली की आ, डावीकडे लागली की ऑ. आडव्या रेघेवर काडी उभी राहिली की ओ, खाली लोंबली की गोल उ. एका काडीऐवजी दोन काड्या आल्या की त्या स्वराआधी य येतो: या, यॉ, यो, यु.

मग व्यंजनं. चौकोन म्हणजे म. वर शिंगं आलेला चौकोन म्हणजे प किंवा ब. घराच्या छपरासारखा आकार म्हणजे स, त्याच छपरावर आडवी रेघ आली की च किंवा ज, आणि आणखी एक रेघ आली की छ. क आणि त यांच्या आकारातही अशीच एक रेघ वाढली की ख आणि थ होतात.

अक्षरं एकापुढे एक येत नाहीत. व्यंजन, स्वर आणि कधी तळाला आणखी एक व्यंजन असा चौकोनी गठ्ठा बनतो. वाचताना स्वर उभ्या रेघेचा असेल तर आधी डावीकडून उजवीकडे जायचं, आडव्या रेघेचा असेल तर वरून खाली, आणि तळाचं व्यंजन शेवटी.

सावध: गोल आकार दोन कामं करतो. गठ्ठ्याच्या सुरुवातीला तो मुका असतो, फक्त स्वराला आधार देतो. तळाला आला की तो ङ होतो. सुरुवातीच्या गोलाला ‘ओ’ वाचणं ही पहिल्या आठवड्यातली सर्वांत मोठी चूक आहे.

तपासा: सोल मेट्रोचा कोरियन नकाशा उघडा आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वर्तुळाकार मार्गावरची स्थानकं मोठ्यानं वाचा. नावं इंग्रजीशी ताडून बघा. निम्म्याहून जास्त जमली की पुढे चला.

## टप्पा २: उच्चार

मराठी माणसाचं तोंड कोरियनसाठी बरंच तयार असतं, पण ठरावीक ठिकाणी ते घसरतं.

पहिली जागा म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. नकाशावरची ‘गंगनम’, ‘मियोंगडोंग’, ‘इंचिऑन’ ही वाचनं विसरा. म्हणायचं आहे काङ्नाम, म्यॉङ्दोङ, इन्छॉन. इंग्रजीत जिथे ई आणि ओ शेजारी येतात तिथे कोरियनमध्ये एकच ऑ असतो. आणि ट-ड कुठेच नाहीत, सगळीकडे त-द. ‘डोंग’ म्हणायची सवय आजच सोडा.

दुसरी जागा म्हणजे शब्दाची सुरुवात. क-ग, त-द, प-ब, च-ज या जोड्यांना कोरियनमध्ये एकेकच अक्षर आहे. शब्दाच्या सुरुवातीला ते क, त, प, च असं ऐकू येतं आणि दोन स्वरांच्या मध्ये ग, द, ब, ज असं. म्हणून पाटीवर इंग्रजीत ब असला तरी शहराचं नाव पुसान ऐकू येतं आणि बेटाचं चेजु. च म्हणताना तो ‘चहा’तला असू द्या, ‘चमच्या’तला नको.

तिसरं, हकार. ख, छ, थ, फ हे आपण म्हणतो तसेच जोरदार म्हणा. फ मात्र ‘फळ’मधला, ओठ मिटून. ‘फॅन’मधला फ कोरियनमध्ये नाही, त्यामुळे कॉफी मागताना खॉफि म्हणायचं. क्क, त्त, प्प, स्स, च्च हे दाबून म्हणायचे आवाज आहेत. ‘पक्का’, ‘सत्ता’ म्हणताना जीभ क्षणभर अडते, तशीच अडवा.

चौथी जागा बहुतेकांना अवघड वाटते, मराठी शाळेत शिकलेल्याला वाटू नये. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होतं. कोरियनमध्ये नेमकं हेच घडतं. हान्गुक म्हणजे कोरिया, माल म्हणजे बोली, आणि दोन्ही मिळून हान्गुङ्माल. ‘धन्यवाद’च्या शब्दात लिहिताना हाप-निदा लिहिलेलं असतं, म्हणताना हाम्निदा होतं. व्यंजनसंधीचा हा एक नियम लक्षात ठेवला तर लिहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं का, याचा निम्मा गोंधळ मिटतो.

तपासा: फोनवर कोरियन आवाजी टंकलेखन चालू करा आणि ‘काम्साहाम्निदा’ म्हणा. फोननं ते बरोबर लिहिलं का, हे आता तुम्हाला वाचता येतं. लिहिलं नसेल तर उच्चार अजून कच्चा आहे.

## टप्पा ३: वाक्याचा शेवट ‘यो’ किंवा ‘निदा’

अनोळखी माणसाशी बोलताना मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा विचार करावा लागतो, कोरियनमध्ये क्रियापदाच्या शेवटाचा. आदराची बोली म्हणजे चोन्देन्माल, सलगीची म्हणजे पान्माल. मालिकांमध्ये जिवलग मित्र, भावंडं आणि प्रेमिक बोलतात, म्हणजे तुमच्या कानावर बहुतेक पान्मालच पडलेली असते. कोमावॉ, आन्न्यॉङ, म्वॉया हे शब्द वहीतून काढून टाका. त्यांच्या जागी हे लिहा:

- आन्न्यॉङ्हासेयो: नमस्कार. दिवसातल्या कोणत्याही वेळी.
- काम्साहाम्निदा: धन्यवाद.
- च्वेसोङ्हाम्निदा: माफ करा.
- चॉगियो: अहो, जरा इकडे. लक्ष वेधायला.
- चाम्क्कान्मान्यो: एक मिनिट थांबा, किंवा गर्दीत जरा वाट द्या.
- ने आणि आनियो: हो आणि नाही. ‘ने’ ऐकून आपल्या कानाला नकार वाटतो. तो होकार आहे.
- क्वेन्छानायो: ठीक आहे, चालेल. आणि हळू मान हलवून म्हटलं तर ‘नको, असू द्या’.

निरोपाची दोन वाक्यं आहेत आणि लोक ती हमखास उलटी वापरतात. जो मागे थांबतोय त्याला आन्न्यॉङ्ही गेसेयो, जो निघालाय त्याला आन्न्यॉङ्ही गासेयो. दुकानातून बाहेर पडताना तुम्ही निघालेले आहात, दुकानदार थांबलेला आहे. म्हणून तुम्ही ‘गेसेयो’ म्हणायचं आणि तो तुम्हाला ‘गासेयो’ म्हणेल. त्याचं ऐकून तेच परत म्हणू नका.

सावध: शब्दकोशात ‘तुम्ही’ला ताङ्शिन हा शब्द सापडेल. तो अनोळखी माणसाला वापरू नका. भांडणातला रोख त्यात येऊ शकतो. कोरियनमध्ये कर्ता गाळूनच बोलतात, आणि हाक मारायचीच असेल तर हुद्द्यानं किंवा नात्यानं मारतात. दुकानमालकाला साजाङ्निम, चालकाला किसानिम. छोट्या खाणावळीतल्या वयस्क बाईंना इमो म्हणतात, म्हणजे मावशी. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी असतात तसंच. मात्र तरुण मुलीला इमो म्हटलेलं आवडत नाही, तिथे चॉगियो पुरे.

तपासा: वहीतलं प्रत्येक वाक्य बघा. शेवटी ‘यो’ किंवा ‘निदा’ नसेल तर ते खोडा.

## टप्पा ४: पाच साचे

सुटी वाक्यं पाठ करण्यापेक्षा साचे पाठ करा आणि त्यांत शब्द बदला. वाक्यरचना मराठीसारखीच आहे: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मनात वाक्य उलटं करावं लागतं, तुम्हाला नाही. म्हणून इंग्रजीतून भाषांतर करू नका, थेट मराठीतून करा.

१. … जुसेयो (… द्या). मुल जुसेयो: पाणी द्या. इगॉ जुसेयो: हे द्या. इगॉ तॉ जुसेयो: हे अजून द्या.

२. … इस्सॉयो? (… आहे का?). उत्तर येईल इस्सॉयो, म्हणजे आहे, किंवा ऑप्सॉयो, म्हणजे नाही.

३. … ऑदिएयो? (… कुठे आहे?). ह्वाजाङ्शिल ऑदिएयो? स्वच्छतागृह कुठे आहे?

४. … ऑल्माएयो? (… केवढ्याला?). इगॉ ऑल्माएयो?

५. आन + क्रियापद (नकार). आन मॉगॉयो: खात नाही. हा ‘आन’ क्रियापदाच्या आधी लागतो, मराठीतला ‘नाही’ नंतर येतो. रचनेत जपायचं ते एवढंच.

प्रश्न आणि विधान यांचं रूप पुष्कळदा एकच असतं. सूर वर गेला की प्रश्न, खाली आला की विधान. आपण ‘आहे?’ आणि ‘आहे.’ म्हणतो तसंच.

तपासा: घरातल्या दहा वस्तूंची कोरियन नावं काढा आणि प्रत्येक वस्तू पहिल्या चार साच्यांत बसवून न अडखळता म्हणा. पुण्यात राहत असाल तर सरावाला माणसंही मिळू शकतात. रांजणगाव आणि तळेगावला कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि शहरात कोरियन खाणावळी आहेत.

## टप्पा ५: आकडे, दोन संच

कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच चालतात आणि ते अदलाबदल करून चालत नाहीत.

पैसे, मिनिटं, मजले, बस क्रमांक यांसाठी चिनी मुळाचा संच: इल, इ, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कु, शिप. शंभर म्हणजे पेक, हजार म्हणजे छॉन.

माणसं, वस्तू, तास यांसाठी देशी संच: हाना, तुल, सेत, नेत, तासॉत, यॉसॉत, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल. मोजताना पहिल्या चारांची रूपं आखूड होतात: हान, तु, से, ने. दोन माणसं म्हणजे तु म्यॉङ, दोन नग म्हणजे तु गे. साडेतीन वाजले हे सांगताना तास देशी आणि मिनिटं चिनी: से शि साम्शिप्पुन.

पैशांत फसायला होतं ते दहा हजारांपाशी. आपण हजारानंतर लाखावर जातो, ते दहा हजारावर थांबतात. दहा हजारांना स्वतंत्र शब्द आहे, मान. पस्तीस हजार वॉन म्हणजे साम्मान ओछॉन, म्हणजे ‘तीन मान पाच हजार’. एक लाख म्हणजे शिम्मान, दहा मान. (शिप आणि मान यांचा शिम्मान कसा झाला हे दुसऱ्या टप्प्यात आलंच आहे.) ‘साम्मान’ म्हणजे तीस हजार, पण ते ऐकून तीन हजार पुढे करणारे पुष्कळ असतात. नोटा १,०००, ५,०००, १०,००० आणि ५०,००० वॉनच्या आहेत.

तपासा: कुणालातरी ५०० ते १,००,००० मधले आकडे कागदावर लिहायला सांगा. बघितल्याबरोबर कोरियनमध्ये म्हणा. मग उलट करा: आवाज ऐकून आकडा लिहा. ऐकून लिहिणं जास्त महत्त्वाचं.

## टप्पा ६: समोरचा काय विचारेल

या टप्प्यावर निम्मा वेळ घालवा. तुमचा प्रश्न बरोबर आला की समोरच्याला वाटतं तुम्हाला भाषा येते, आणि तो नेहमीच्या वेगात बोलतो. सुदैवानं दुकानात आणि खाणावळीत विचारले जाणारे प्रश्न तेच तेच असतात. पूर्ण वाक्य पकडायचा अट्टहास सोडा, एक शब्द पकडा.

- म्यॉप्पुनिसेयो? किती जण? खाणावळीच्या दारातच विचारतात. उत्तर: तु म्यॉङियो.
- तुशिगो कासेयो? इथेच घेणार का? कॅफेत. बांधून हवं असेल तर: फोजाङियो.
- पोङ्थु ऐकू आलं: पिशवी हवी का? नको असेल तर: आनियो, क्वेन्छानायो.
- फोइन्थु ऐकू आलं: सभासदत्वाचे पॉइंट जमा करायचेत का? उत्तर: ऑप्सॉयो.
- यॉङ्सुजुङ ऐकू आलं: पावती हवी का? उत्तर: ने, किंवा क्वेन्छानायो.
- ऑनु नाराएसॉ वास्सॉयो? कोणत्या देशातून आलात? उत्तर: इन्दोएसॉ वास्सॉयो. भारताला ते इन्दो म्हणतात.

गप्पा वाढल्या तर वय विचारतील. त्यात आगाऊपणा नाही. कोणत्या पायरीनं बोलायचं हे ठरवायला त्यांना वय लागतं.

काहीच कळलं नाही तर हसून मान डोलावू नका. कोरियात मान डोलावणं म्हणजे होकार, आणि नको ती पिशवी किंवा नको तो पदार्थ पुढ्यात येतो. म्हणा: हान्गुङ्माल जाल मोथेयो (कोरियन नीट येत नाही), छॉन्छॉनी माल्हे जुसेयो (हळू बोला). मग पापागो काढा.

## टप्पा ७: हात, मान, पाय

वाक्यं तोंडात बसली की त्यांना कृती जोडा. सराव दोन्हींचा एकत्र करा, नाहीतर ऐन वेळी एकच आठवतं.

मान. आन्न्यॉङ्हासेयो म्हणताना कमरेतून थोडं वाका. हात जोडू नका. याला एक चांगला अपवाद आहे: बौद्ध मंदिरात भिक्षूंना भेटताना हात जोडून वाकणं हीच तिथली रीत आहे.

हात. पैसे, कार्ड, पासपोर्ट, भेटवस्तू दोन्ही हातांनी द्या आणि घ्या. एक हात अडकलेला असेल तर उजव्या हातानं द्या आणि डावा हात उजव्या मनगटाला किंवा कोपराला टेकवा. हस्तांदोलनही असंच, मोठ्यांशी करताना.

पाय. घरात, पारंपरिक हानोक अतिथिगृहात आणि जमिनीवर बसवणाऱ्या खाणावळीत पादत्राणं बाहेर. दारापाशी एक खालची पायरी असते. चप्पल तिथे काढायची आणि मोजे त्या जागेत न टेकवता वर चढायचं. फाटके मोजे घरीच ठेवा.

ताट. चमचे-काड्या दिसत नसतील तर टेबलाच्या कडेला खण असतो, तिथे असतात. टेबलावर घंटेचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर चॉगियो म्हणा. हाक मारणं तिथे उद्धट नाही. भात आणि रस्सा चमच्यानं, बाकीचं काड्यांनी. भाताची वाटी हातात उचलू नका, टेबलावरच राहू द्या. काड्या भातात उभ्या खोचू नका, ती मृतांच्या पूजेतली खूण आहे. सर्वांत मोठ्या माणसानं चमचा उचलल्याशिवाय सुरू करू नका. सुरू करताना चाल मॉक्केस्सुम्निदा, संपल्यावर चाल मॉगॉस्सुम्निदा.

जेवणाबरोबर येणाऱ्या लहान वाट्यांना पान्छान म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा मागता येतात: इगॉ तॉ जुसेयो. संपेल एवढंच मागा. पैसे बहुधा काउंटरवर द्यायचे. टिप ठेवायची पद्धत नाही.

पेला. मद्य घेत असाल तर स्वतःचा पेला स्वतः भरू नका. दुसऱ्याचा भरा, तो तुमचा भरेल, दोन्ही हातांनी. वडीलधाऱ्यासमोर पिताना तोंड किंचित बाजूला वळवतात.

## टप्पा ८: खात नाही ते नीट सांगणं

मराठी प्रवाशांचे सर्वाधिक हाल इथे होतात, आणि कारण जवळजवळ प्रत्येक वेळी सारखंच असतं. ‘कोगि आन मॉगॉयो’ (मांस खात नाही) एवढं सांगून माणूस निश्चिंत होतो. कोगि म्हणजे मांस. मासा, कोळंबी, सुकटीचा रस्सा हे सांगणाऱ्याच्या मनात असतात, ऐकणाऱ्याच्या नसतात. म्हणून यादी सांगा:

कोगि, सेङ्सॉन, हेमुल आन मॉगॉयो: मांस, मासे, इतर समुद्री जीव खात नाही.

फक्त गोमांस टाळायचं असेल तर सोगोगि आन मॉगॉयो, डुकराचं टाळायचं असेल तर त्वेजिगोगि. अंडं चालत असेल तर तेही सांगा, पर्याय वाढतात: केरानुन क्वेन्छानायो. पदार्थातून मांस वगळायला: कोगि प्पे जुसेयो. तिखट नको असेल तर आन मेप्के हे जुसेयो. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर त्ताङ्खोङ आल्लेरुगि इस्सॉयो.

आता कुठे काय लपलेलं असतं ते बघा. किमचीत बहुधा माशांचा किंवा बारीक कोळंबीचा खारवलेला रस असतो. सूपचा आणि त्तॉक्पोक्कीचा (तांदळाच्या कांड्यांचा तिखट पदार्थ) रस्सा पुष्कळदा सुकवलेल्या म्यॉल्चि माशांवर बनवतात, आणि त्तॉक्पोक्कीत माशाच्या वड्याही असतात. किम्पापच्या (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) वळकटीत हॅम, खेकड्याच्या चवीच्या कांड्या, अंडं असतं. पिबिम्पापवर (भाज्या घालून कालवायचा भात) अंडं आणि कधी गोमांसाचा खिमा येतो, पण तो वर घातलेला असल्यानं वगळता येतो. युक्सु हा शब्द ऐकलात तर समजा, रस्सा बहुधा मांसाचा किंवा माशांचा आहे.

त्यातल्या त्यात बरे पर्याय म्हणजे रानभाज्यांचं सान्छे पिबिम्पाप आणि उन्हाळ्यात मिळणारं खोङ्गुक्सु, म्हणजे सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया. सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे बौद्ध मंदिरांच्या पद्धतीचं जेवण, साछाल उम्शिक. सोलमध्ये इन्सादोङ भागात ते मिळतं. त्यात मांस-मासे नसतात, शिवाय कांदा-लसूणही नसतो.

सावध: जैन वाचकांसाठी. साछाल उम्शिकमध्ये कांदा-लसूण नसला तरी मुळा, बटाटा, कमळकाकडी ही कंदमुळं असतात. त्यांची नावं वेगळी सांगावी लागतील.

तपासा: वरची यादी हांगुलमध्ये लिहून छापा आणि पाकिटात ठेवा. छापण्याआधी कोरियन जाणणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. गर्दीच्या खाणावळीत बोललेलं हवेत विरतं, लिहिलेला कागद स्वयंपाकघरात पोचतो.

## टप्पा ९: मेट्रो, बस आणि मजले

थी-मनी (T-money) हे बस आणि मेट्रोच्या भाड्याचं कार्ड घ्या. ते सोयीच्या दुकानांत मिळतं. त्यात भर टाकायला रोख वॉन जवळ ठेवा. सोलच्या बसमध्ये चढताना कार्ड टेकवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, उतरताना टेकवायचं विसरतात. उतरताना टेकवलं नाही तर अर्ध्या तासाच्या आत दुसरी बस किंवा मेट्रो पकडल्यावर मिळणारी भाड्यातली सवलत जाते.

डब्याच्या टोकाच्या आसनांवर बसू नका, गाडी रिकामी असली तरी. ती वृद्ध आणि अपंगांसाठी आहेत. गुलाबी आसनं गरोदर बायकांसाठी. फोनवर मोठ्यानं बोलू नका. कॉफीचा उघडा कप घेऊन सोलच्या बसमध्ये चढू देत नाहीत. गर्दीतून उतरताना म्हणा: नेरिल्केयो, म्हणजे उतरतोय.

मजले मोजताना आपली गफलत होते. आपला तळमजला म्हणजे त्यांचा पहिला, इल्छुङ. कुणी ‘इछुङ’, दुसरा मजला, सांगितला तर एकच जिना चढायचा आहे. जिहा म्हणजे तळघर. काही लिफ्टमध्ये चारच्या जागी इंग्रजी एफ असतो, कारण चारचा ‘सा’ मृत्यूच्या शब्दासारखा ऐकू येतो.

## टप्पा १०: अडचण आली तर

तोवाजुसेयो: मदत करा. हे एक वाक्य झोपेतून उठवलं तरी आठवलं पाहिजे. पोलिसांचा क्रमांक ११२, आग आणि रुग्णवाहिकेचा ११९. पर्यटकांच्या मदतीसाठी १३३० आहे. तिथे इंग्रजीत बोलता येतं आणि दुकानदाराशी किंवा टॅक्सीवाल्याशी अडलेलं बोलणं ते फोनवरून सोडवून देतात.

राहण्याच्या जागेचा पत्ता हांगुलमध्ये फोनवर चित्र म्हणून साठवा आणि कागदावरही लिहून ठेवा. टॅक्सीत बसल्यावर आन्न्यॉङ्हासेयो म्हणून तो कागद दोन्ही हातांनी पुढे करा. इंग्रजी पत्ता दाखवून वेळ घालवू नका. उतरताना चालक गाडीतच थांबणार आहे आणि तुम्ही निघणार आहात, म्हणजे नियमानं ‘गेसेयो’ हवं, तरी त्याला आन्न्यॉङ्ही गासेयो म्हणणारे काही जण दिसतील. पण तोही गाडी घेऊन निघतोच आहे, त्यामुळे टॅक्सीत ते चुकीचं नाही. नुसतं काम्साहाम्निदा म्हटलं तरी पुरेसं आहे.